दर्याला दिलेला हात

हिराबाय, परवा तुझ्या अंगणात शिरताना माझा पाय वाळत घातलेल्या जवळ्यावर पडला, आणि आतून कुणी ओरडलं नाही. "डोळे काय घरी ठेवून आलीस गो?" असं कुणी विचारलं नाही. मी तशीच उभी. एक पाय जवळ्यात, एक बाहेर. तू गेल्याचं तुझ्या लेकीने, रंजनाने, मला फोनवर सांगितलं होतं, त्यालाही दहा दिवस झाले होते. पण मला ते खरं वाटलं तेव्हा, त्या जवळ्यात उभं राहिल्यावर.

तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि मला बोलताना थांबता येत नव्हतं, मग पत्र कशाला लागतंय. आता लिहिते आहे तेसुद्धा बोलल्यासारखंच लिहिणार. शाळा माझी सातवीपर्यंत, सफाळ्याकडच्या आमच्या गावात, तीही भाताची लावणी आणि कापणी सांभाळून. शुद्धलेखन कुणी तपासायला बसू नये.

त्या दिवशी तुझ्या घरी एका बाईने मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी गडबडले. मी बोईसरच्या एका लहान हॉस्पिटलात पट्टी काढायचे. छातीला, हातापायांना वायरी लावून काळजाचे ठोके कागदावर उमटवतात, ती ईसीजीची पट्टी. तू नवापूरहून बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन येणारी, आणि दर चार-सहा महिन्यांनी माझ्या टेबलावर येऊन आडवी होणारी. याला काय म्हणायचं? मी त्या बाईला म्हटलं, "मी त्यांच्या काळजाच्या ओळखीची." ती हसली नाही. तू हसली असतीस, आणि वर म्हणाली असतीस, "मेली बोलते कशी बघ."

हल्ली दुपारी जेवून जरा आडवी झाले की डोळा लागतो आणि मला पट्टी दिसते. मशीनमधून सुटते ती सुटतच राहते. टेबलावरून खाली, दारातून बाहेर, कारखान्यांच्या भिंतींच्या कडेकडेने, खाडीवरून, सुरूच्या झाडांतून, थेट नवापूरच्या वाळूपर्यंत. कुठे फाटत नाही, कुठे भिजत नाही. तिच्यावरच्या रेघा चालताना हलतात, जिवंत असल्यासारख्या. आणि टोकाला तू असतेस, पाठमोरी, जाळं ओढावं तशी पट्टी खांद्यावरून ओढत पाण्याकडे चाललेली. मी हाका मारते. तू वळत नाहीस. नुसता एक हात वर करतेस. उजवा. दर वेळी उजवाच.

त्या हाताचंच बोलायचं आहे मला. इतकी वर्षं राहिलं ते.

मी त्या हॉस्पिटलात लागले ती आयाबाई म्हणून. झाडू, फरशी, पेशंटची भांडी, चादरी. पट्टी काढणारे गृहस्थ होते, ते नोकरी सोडून वापीला गेले. मी रोज ती खोली पुसताना त्यांच्या मागे उभी राहून बघायचे, म्हणून जायच्या आधी आठ दिवस त्यांनी मला सगळं दाखवलं. छातीवरच्या सहा जागा कुठल्या, जेली किती लावायची, रबरी फुगा दाबून कसा चिकटवायचा. हाताचे दोन चिमटे, पायाचे दोन. तांबडा उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला. जुन्या टाकून दिलेल्या पट्ट्या मी घरी न्यायचे आणि चूल आटोपली की त्यांच्यावर कागद धरून गिरवायचे. आधी एक लहान उंचवटा, मग ताडाचं झाड, मग वाळूचा ढीग. असं मी लक्षात ठेवलं. इंग्रजी अक्षरं नंतर शिकले.

डॉक्टरांनी मला पांढरा कोट दिला तेव्हा एवढंच विचारलं, "मालतीबाई, डावं-उजवं नीट कळतं ना? तेवढं चुकलं की सगळं चुकतं."

मी म्हटलं, "कळतं की साहेब."

कळत नव्हतं, हिराबाय. म्हणजे माझं मला कळायचं. पण समोर माणूस उताणं झोपलं की त्याचं उजवं माझ्या डावीकडे यायचं आणि माझं डोकं तिथेच फिरायचं. पुरुषांना मी म्हणायचे, जेवायचा हात दाखवा. आणि तुमच्याकडच्या बायकांचं तर फारच सोपं होतं. तुमच्या घराण्यात लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. माझ्या माणसाला सांभाळ, म्हणून. त्यानंतर तो हात जन्मभर मोकळा, हिरवा चुडा फक्त डाव्यात. मला ते ठाऊक होतं, कारण बाजारात तुम्ही बसायचात तेव्हा मी बघून ठेवलं होतं. तेव्हा मोकळा हात दिसला की तांबडा, बांगड्यांचा हात दिसला की पिवळा. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. माझी मीच काढली होती, आणि तिचा मला कोण अभिमान!

कोट मिळून पंधरा दिवस झाले नव्हते, आणि तू आलीस.

मला तो दिवस अजून लख्ख दिसतो. सकाळची अकराची वेळ. तू टोपली बाहेर ठेवून आलीस आणि सगळ्या खोलीत सुक्या बोंबलाचा वास. चेहरा पांढरा पडलेला. "छातीत धडधडतंय गो," म्हणालीस, "तीन दिस झाले. आमचे हे बोट घेऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिसापासून." एका हाताला सूज, वर हळद फासलेली. शिंगाळा माशाचा काटा लागला, असं म्हणालीस. मी "बरं" म्हटलं आणि कामाला लागले. मोकळ्या हाताला तांबडा लावला. तो सुजलेला हात होता, तू "आय गो" केलंस, तर मी चिमटा जरा वर कोपराकडे सरकवला. बांगड्यांच्या हाताला पिवळा. पट्टी काढली, वर पेनाने तुझं नाव लिहिलं आणि डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टर माझ्याबरोबर बाहेर आले. दुसऱ्या पेशंटकडे जाता जाता पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ही उलटी आलीये, मालतीबाई. परत काढा." आणि गेले.

तू ऐकलंस. टेबलावर ताडकन उठून बसलीस.

"उलटी? काय उलटं? काळीज उलटं झालं माझं?"

"नाही हो, तसं नाही…"

"त्याला कळलं."

"कोणाला?"

"दर्याला. कळलं त्याला." तू उजवा हात असा माझ्यासमोर धरलास, सहा हिरव्या बांगड्यांचा. "दिलेला हात परत घेतला मी. डावा सुजला, त्यात चुडा राहीना. आन् माणूस पाण्यात असताना दोन्ही हात मोकळे कसे ठेवू सांग? म्हटलं चार दिस घालू ह्या हातात, कोण बघतंय. त्यानं बघितलं. पट्टीत आलं बघ, उलटं."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या, हिराबाय. कारण मला त्या क्षणी कळलं. दर्याने काही बघितलं नव्हतं. मी बघितलं नव्हतं. बांगड्या उजव्या हातात होत्या म्हणून मी त्याला डावा धरला, आणि वायरी उलट्या लावल्या. वायरी उलट्या तर पट्टी उलटी, याच्यापलीकडे त्यात काही नव्हतं. तुझं काळीज होतं तिथंच आणि होतं तसंच होतं.

बोलायला तोंड उघडलं मी. आणि मला दिसला तो कोपऱ्यातला झाडू. डॉक्टर म्हणाले होते, तेवढं चुकलं की सगळं चुकतं. मी तोंड मिटलं.

तू तोपर्यंत बेसिनपाशी गेलीस, साबण घेऊन. "ये गो, हात लाव," म्हणालीस. आणि मी हात लावला. उजव्या हातातून एकेक बांगडी काढून तुझ्या त्या सुजलेल्या डाव्या मनगटावरून चढवली, साबणाचा फेस करून. दोन वाढल्या. काच लागली, हळदीत रक्त मिसळलं. तू दात आवळून बसलीस, डोळ्यांतून धार, पण "थांब" म्हणाली नाहीस. चार बांगड्या चढल्या. मग तू पुन्हा टेबलावर झोपलीस आणि मी तांबडा मोकळ्या हाताला लावला. आता तो खरंच उजवा होता.

पट्टी नीट आली. येणारच होती. पण एक गोष्ट अशी झाली की ती मी केलेली नव्हती. पहिल्या पट्टीत ताडाची झाडं एकमेकांना खेटून, नुसती पळत सुटलेली. या पट्टीत ती लांब लांब उभी होती. तुझी धडधड थांबली होती.

"झाली काय सुलटी?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "झाली."

एवढंच बोलले. खोटं नव्हतं ते. पण तुला जे ऐकू गेलं ते मी बोलले नव्हते, आणि मी ते तसंच जाऊ दिलं.

दोन दिवसांनी तुझा माणूस भरल्या बोटीने परत आला, आणि मग काय विचारता! तू बाजारात बसून सगळ्यांना सांगत सुटलीस. बोईसरच्या पट्टीवालीच्या मशीनला सगळं कळतं. दर्याचं नि माणसाचं काय बिनसलंय ते लगेच कागदावर येतं. तिकडच्या बायका एकामागून एक यायला लागल्या. टेबलावर झोपायच्या आणि मी चिमटा लावायच्या आधीच सांगून मोकळ्या व्हायच्या. एक म्हणाली, "बाय, सासूच्या वाटणीची करंदी मी चोरून विकली, पट्टी उलटी यायच्या आधी सांगून टाकते." दुसरीने जावेला शिव्या दिल्या होत्या त्या सगळ्या मला म्हणून दाखवल्या, अगदी चालीसकट. मी गंभीर तोंडाने जेली लावत असायचे. डॉक्टरांना वाटायचं, त्यांच्या औषधाचा गुण.

त्या सगळ्या गमतीखाली मला एक बोचायचं. माझ्या एका चुकीवर तू सबंध दर्या उभा केला होतास.

तू मात्र मला सोडलं नाहीस. डॉक्टरांनी तुला गोळ्या दिल्या, मधून मधून पट्टी काढून जा म्हणाले, आणि तू यायचीस. पट्टी निघाली की तुझा एकच प्रश्न, "काय लिवलंय गो त्यात?" आणि माझं एकच उत्तर, "डॉक्टर सांगतील."

"तुला वाचता येतंय ना?"

"येतं."

"मंग?"

"आम्हाला सांगायची परवानगी नसते, हिराबाय. आम्ही काढायची, डॉक्टरांनी वाचायची."

"म्हंजे मासा मी कापायचा, आन् ताजा हाय का शिळा ते सायबानं सांगायचं?"

हा वाद आपला वर्षानुवर्षं चालला. तू बाहेर जाताना पदरातून कागदात बांधलेला जवळा काढून माझ्या टेबलावर आपटायचीस आणि म्हणायचीस, "घे. हा ताजा हाय. मी सांगते, मला परवानगी हाय."

एकदाच मी तुला पट्टी हातात दिली होती. दुपारची वेळ होती, बाहेर कोणी नव्हतं, पंखा गरगरत होता. तू टेबलावर बसून पाय हलवत ती पट्टी उजेडात धरलीस. मग म्हणालीस, "हा तं आमचा किनारा हाय." बोटाने दाखवलंस, ही वाळू, हा ताड, ही परत वाळू, हा परत ताड. "माणूस बोटीतून परत येताना असाच दिसतो किनारा. आधी काय नाय. मंग एक झाड. मंग दुसरं." मी तोपर्यंत हजारांनी पट्ट्या काढल्या असतील. ताडाचं झाड मीही म्हणायचे, पण मी ते नेहमी जमिनीवरून बघितलं होतं. त्या दिवसापासून मशीन सुरू झालं की मला वाटायचं, कुणीतरी पाण्यातून घराकडे येतंय.

मग तुझा माणूस गेला. दर्यात नाही, घरात, अंथरुणावर, तापाने. त्यानंतर तू आलीस तेव्हा दोन्ही हात मोकळे. मी चिमटे हातात घेऊन उभी राहिले आणि माझा हात पुढे जाईना. डावं-उजवं मला तेव्हा झोपेतही कळत होतं, ते काही नव्हतं. पण ते तुझं डावं मनगट… मी त्या मनगटाला साबण लावला होता.

तू माझ्याकडे बघितलंस आणि उजवा हात वर केलास.

"हा. तांबडा हितं. दर्याचा हात."

"माहीत आहे मला."

"असू दे. दाखवते. माणूस गेला तरी दिलेला हात दिलेलाच."

आणि तेव्हापासून दर वेळी. टेबलावर पाठ टेकली की उजवा हात वर. "तांबडा हितं." मी म्हणायचे, "अगो बाई, वीस वर्षं झाली मला हे काम करून." तू म्हणायचीस, "दाखवलेला बरा." मला वाटायचं, म्हातारपणाची सवय. मला वाटायचं, नवऱ्याची आठवण. काहीही वाटायचं मला.

मी निवृत्त झाले, माझ्या जागी चांगली शिकलेली मुलगी आली, मशीन नवीन आलं. आता पट्टी कापून चिकटवावी लागत नाही, सगळं एका मोठ्या कागदावर येतं. आणि अलीकडेच तिचा मला फोन, "मॅडम, नवापूरच्या एक आजी आल्यात. चक्कर येऊन पडल्या होत्या म्हणे. पण तुम्ही आल्याशिवाय झोपणार नाही म्हणतात."

मी रिक्षाने आले. तू बाकावर बसली होतीस, रंजनाच्या खांद्याला टेकून. केवढीशी झाली होतीस. मला बघून म्हणालीस, "आलीस? ह्या पोरीला माझा हात ठाऊक नाय." झोपलीस. हात वर केलास. मी तांबडा लावला.

कागद बाहेर यायला लागला आणि मी वाचला. वाचायला डॉक्टर लागत नव्हते. लहान उंचवटे आपल्या चालीने चाललेले, एकसारखे, घाईघाईने. आणि ताडाची झाडं त्यांची वाट न बघता, कुठेतरी दूर दूर, स्वतःच्या मर्जीने उगवलेली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध राहिला नव्हता. काळजातलं वरचं घर खालच्या घराला हाक मारतंय आणि खालच्याला ती ऐकूच जात नाही. दोन झाडांच्या मधे एवढी वाळू मी तुझ्या कागदावर कधी बघितली नव्हती.

"काय लिवलंय?" तू विचारलंस.

"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं.

डॉक्टरांनी सांगितलं. मुंबईला न्या, छातीत एक लहान डबी बसवतील, ती ठोका चुकू देणार नाही. साधं काम आहे, फार दिवस लागायचे नाहीत, पण थांबू नका. रंजना रडायला लागली. आणि तू, हिराबाय, तू माझ्याकडे बघत म्हणालीस, "कशाला पायजे डबी? तवा पट्टी उलटी आलेली, ती सुलटी झालीच ना आपसूक? ही पन होईल."

हे बोलून तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला ते बघणं अजून टोचतंय. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलंस.

तेव्हा मला सांगायचं होतं. आता डोक्यावर कोणता झाडू होता? कोट तर कधीच उतरवला होता. मला एवढंच म्हणायचं होतं, हिराबाय, ती आपसूक सुलटी झाली नाही, काळीज उलटं नव्हतंच, मी चुकले होते, तू त्याच्यावर जाऊ नकोस, तू मुंबईला जा. पाच वाक्यं. आणि मी काय म्हटलं? "पाणी आणते हं मी." आणि बाहेर निघून गेले. पाणी घेऊन आले तोवर तू चपला घातल्या होत्यास.

पाच आठवडे गेले. रंजनाचा फोन आला. सकाळी मांडवावरचे बोंबील उलटत होतीस, जरा बसते म्हणालीस, आणि बसलीस ती उठली नाहीस.

ते दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. माझ्या नोकरीपायी मी तुला एक गोष्ट खरी वाटू दिली, आणि त्या गोष्टीवर भरवसा ठेवून तू मुंबईला गेली नाहीस. म्हणजे मीच की. दुसरं कोण?

तर परवा त्या जवळ्यातून पाय काढून मी आत आले. माणसं होती, मग पांगली. रंजनाने मला चहा दिला आणि समोर बसली. म्हणाली, "आई तुमाला लय हसायची, मालूमावशी."

"का गं?"

"बोलायची, मालूबायला हात दाखवायला लागतो. नायतर चुकते ती. पैल्या दिशीच चुकलेली."

मी कप खाली ठेवला. "तिला… तिला माहीत होतं?"

"तांबडा चिमटा पैला डाव्या हाताला लावलात, मंग उजव्या. आई जलमभर मासळी निवडत बसलेली. तिच्या नजरेतून सुटंल?"

"मग सगळ्यांना दर्याची गोष्ट का सांगत सुटली ती?"

"मी पन विचारलेलं. बोलली, मालूबाय चुकली सांगितलं तर तिची नोकरी जाईल. दर्या चिडलेला सांगितलं तर कोणाचं काय जातंय? तो काय, रोजच चिडतो." रंजना हसली, आणि पदराने डोळे पुसले. "पन घाबरलेली ती खरी, त्या दिशी. आधी तिला पन दर्याच वाटला. घरी येऊन रात उलटल्यावर डोक्यात उजेड पडला तिच्या."

मी विचारलं. विचारायलाच हवं होतं. "मग मुंबईला का नाही गेली? ती म्हणाली, आपसूक सुलटी होईल…"

"तिला जायचंच नवतं. घाबरायची. सुयांना नाय. तिकडनं परत यायला नाय मिळालं तर, ह्याला. मी लय समजावलं." रंजनाने माझा कप उचलून चुलीपाशी ठेवला. "आन् ते बोलली ते तुमच्यासाठी बोलली. वाटेत मला सांगत होती, मालूबाय आज तरी बोलंल वाटलेलं गो. तं पानी आनायला पळाली."

हिराबाय, मी तुझ्या घरात, सुतकाच्या दिवसांत, मोठ्याने हसले. शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. हसले आणि मग ते हसणं कुठे वळलं ते मलाच कळलं नाही, रंजनाने माझं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या मुलीच्या वयाची ती.

तुला मी फसवलं नव्हतं. हे ओझं उतरलं. आणि तू इतकी वर्षं हात वर करून मला दार उघडून देत होतीस, मी एकदाही आत आले नाही, हे नवीन बसलं. शेवटच्या दिवशी मी बोलले असते तर तू गेली असतीस का गं? रंजना म्हणते, नाही. रंजना चांगली आहे.

निघताना तिने मला एक प्लास्टिकची पिशवी दिली. तुझ्या मिश्रीच्या डबीखाली होती म्हणे. आत घडी घातलेली पट्टी. मी डॉक्टरांकडे दुसरी पट्टी घेऊन गेले होते तेव्हा मी टाकलेली ही पहिली तू कचऱ्याच्या डब्यातून उचललीस, रंजनाने सांगितलं. वर माझं त्या वेळचं बाळबोध अक्षर, पेनाने लिहिलेलं, "हिराबाई, नवापूर." तेवढं टिकलंय. बाकी काही नाही. प्लास्टिकमध्ये ठेवलं की त्या कागदावरच्या रेघा उडून जातात, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आता नुसते तांबूस चौकोन उरलेत. ताड नाही, वाळू नाही, उलटं नाही, सुलटं नाही.

आज दुपारी पुन्हा डोळा लागला. तू तशीच पाठमोरी, पट्टी खांद्यावर, हात वर. पण या वेळी मी हाक मारली नाही. मी चालत आले, पट्टीवरूनच, अनवाणी, आणि तुझ्या बाजूला येऊन उभी राहिले. पाणी घोट्यापर्यंत होतं. तू न वळता विचारलंस, "काय लिवलंय गो त्यात?" आणि मी जागी झाले.

म्हणून उठून हे लिहायला बसले. पट्टी माझ्यासमोर आहे, खिडकीच्या उजेडात धरली आहे. डॉक्टरांना विचारत नाही. मी वाचते, तू ऐक.

यात लिहिलंय, हिराबाय, की तुझ्या काळजात काही उलटं नव्हतं. मी चुकले होते.